१८० ची रेघ

अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या छिद्राविषयी बोलताना मी बरीच वर्षे एक किस्सा हमखास सांगत असे. अमेरिकेच्या उपग्रहाला हे छिद्र आधीच दिसले होते, पण ‘इतका कमी ओझोन असूच शकत नाही’ असे संगणकाला शिकवून ठेवल्यामुळे त्याने ते आकडे केराच्या टोपलीत टाकले. आणि जुन्या धाटणीचे एक उपकरण घेऊन बर्फात बसलेल्या इंग्रजांनी बाजी मारली. श्रोत्यांना किस्सा आवडे. तो जसाच्या तसा खरा नाही, हे मला उशिरा कळले. खरी हकीकत अधिक गुंतागुंतीची आहे आणि तिची सुरुवात उपग्रहाच्या बावीस वर्षे आधी होते.

डोक्यावरच्या हवेतला सगळा ओझोन जमिनीलगतच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला आणून पसरला, तर त्याचा थर जेमतेम तीन मिलिमीटर भरेल. हे ३०० डॉबसन युनिट. ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉबसन यांनी तो मोजणारे उपकरण बनवले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची उपकरणे जगभर फिरली. त्या ठिकाणांत आपल्याकडचे कोडाईकनालही होते. त्यातून कळले की ओझोनचा ‘योग्य’ आकडा असा एक नाहीच. विषुववृत्ताजवळ वर्षभर अडीचशेच्या आसपास असणे ही नेहमीची गोष्ट. उत्तर ध्रुवाकडे वसंतात चारशेच्या वर जाणे हीही नेहमीचीच. स्थळ आणि महिना सांगितल्याशिवाय नुसत्या आकड्यावर संशय घेता येत नाही.

पण स्थळाचे प्रमाण ठरवायचे कशावरून? आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या तयारीत १९५६ साली अंटार्क्टिकावर हॅली बे येथे नवे केंद्र उघडले. तिथे पूर्वीच्या नोंदीच नव्हत्या. तेव्हा उत्तरेकडच्या स्पिट्सबर्गेनचे आकडे सहा महिने पुढे सरकवून ताडून पाहण्यात आले. सप्टेंबर-ऑक्टोबरचे हॅलीचे आकडे या अपेक्षेपेक्षा सुमारे १५० युनिटांनी कमी निघाले. डॉबसन यांनी १९६८ साली लिहिलेल्या आठवणींत प्रांजळपणे सांगितले आहे, की निरीक्षक इव्हान्स यांची काहीतरी मोठी चूक झाली असावी किंवा उपकरण बिघडले असावे, असेच त्यांना वाटले. नोव्हेंबरात आकडे एकदम वर गेले. पुढल्या वर्षी हाच क्रम पुन्हा घडला, तेव्हा कुठे इव्हान्स आणि उपकरण दोघेही निर्दोष ठरले. दक्षिणेत ध्रुवाभोवतीचा वाऱ्यांचा भोवरा वसंत सरत येईपर्यंत टिकतो आणि बाहेरची ओझोनयुक्त हवा आत येऊ देत नाही. उत्तरेत डोंगर व भूप्रदेशांमुळे तो लवकर मोडतो. उत्तरेची मर्यादा दक्षिणेला लावणेच चूक होते.

(पुढे काहींनी या १५० चा अर्थ ‘तेव्हा ओझोन १५० युनिटच होता’ असा लावून, छिद्र पूर्वीपासूनच होते असा दावा केला. तो चुकीच्या वाचनावर उभा आहे. त्या काळी हॅलीचा ऑक्टोबरचा आकडा तीनशेच्या आसपास असे.)

आता उपग्रह. ऑक्टोबर १९७८ मध्ये सोडलेल्या ‘निंबस-७’ वर ओझोनचा रोजचा नकाशा काढणारे उपकरण होते. १८० च्या खालच्या आकड्यांवर संशयाची खूण पडावी, अशी व्यवस्था त्याच्या आज्ञावलीत होती. आकडे पुसले जात नव्हते, बाजूला काढले जात होते. माझ्या मते खरी गफलत निराळीच आहे. १८० ही साऱ्या पृथ्वीसाठी मिळून आखलेली रेघ होती. ऑक्टोबरात ध्रुवाजवळ २२० आला तर या रेघेला तो चालत होता. तीनशेची सवय असलेल्या हॅलीला तो कधीच चालला नसता. घसरण रेघेच्या वरच्या बाजूने निमूटपणे उतरत राहिली, आणि रेघ ओलांडली तेव्हाच खुणांची गर्दी झाली.

१९८४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या गटाला ऑक्टोबर १९८३ च्या आकड्यांवर अशा खुणांचे पुंजके दिसले. त्यांनी दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन केंद्राशी पडताळले. तिथला आकडा होता सुमारे ३००. साहजिकच संशय उपग्रहावर गेला. चूक त्या जमिनीवरच्या मापनात होती, हे नंतर उमगले! त्याच वर्षी शिगेरू चुबाची यांनी जपानच्या श्योवा केंद्रावरील १९८२ चे कमी आकडे ग्रीसमधल्या परिषदेत मांडले. फारसे कुणी लक्ष दिले नाही.

जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँक्लिन यांचा लेख ‘नेचर’मध्ये १६ मे १९८५ ला आला. त्यांच्याकडे नकाशा नव्हता, पण एकाच जागेच्या, त्याच महिन्याच्या, १९५७ पासूनच्या नोंदी होत्या. हॅलीची तुलना हॅलीशीच. तरीही फार्मन यांनी घाई केली नव्हती. जुने उपकरण दगा देत असेल म्हणून नवे मागवले, आणि सुमारे दीड हजार किलोमीटर उत्तरेकडच्या आपल्याच दुसऱ्या केंद्राचे आकडेही तपासले. ऑक्टोबरची सरासरी तीनशेवरून दोनशेच्या खाली आली होती.

ऑगस्ट १९८५ मध्ये प्रागच्या परिषदेत गोडार्ड गटातले पवन कुमार भरतिया यांनी उपग्रहाचे नकाशे दाखवले. बाजूला काढलेले आकडे त्यांत होते, आणि हॅलीवरची घट जवळजवळ सबंध खंडावर पसरलेली दिसत होती. दोन वर्षांनी, सप्टेंबर १९८७ मध्ये, माँट्रियलचा करार झाला.

हा किस्सा मी अजूनही सांगतो. पूर्वीपेक्षा लांबतो, आणि केराची टोपली गेल्यामुळे हशाही कमी येतो.