जीपची स्वबांधणी

जीपची स्वबांधणी म्हणजे डोंगरवाटा, चिखल, ओढे आणि कातळ अशा खडतर मार्गांवर चालू शकणारे चारचाकी वाहन कमी खर्चात स्वतः तयार करणे होय. यासाठी कारखान्यातून नवे वाहन घेतले जात नाही. एक तर जुन्या नोंदणीकृत गाडीची फेरजुळणी केली जाते, किंवा सुटे व भंगारातील भाग जोडून वाहन मुळापासून उभे केले जाते. पहिल्या प्रकाराला पुनर्बांधणी आणि दुसऱ्याला नवबांधणी म्हणता येईल. यंत्रकामाच्या दृष्टीने दोन्ही प्रकार जवळचे असले, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे. पुनर्बांधणी केलेली गाडी ठराविक मर्यादेत सार्वजनिक रस्त्यावर चालवता येते, नवबांधणीचे वाहन मात्र सहसा खाजगी जागेपुरतेच राहते.

मराठी बोलीत ‘जीप’ हा शब्द एका कंपनीच्या नावापुरता मर्यादित नाही. उघडी किंवा ताडपत्रीच्या टपाची, उंच चाकांची कोणतीही दणकट गाडी जीप म्हणून ओळखली जाते. या लेखात हा शब्द त्याच अर्थाने वापरला आहे.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. युद्धानंतर हेच वाहन शेती, वनखाते, पाटबंधारे आणि महसूल यांसारख्या नागरी कामांकडे वळले. भारतात १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रा अँड मोहम्मद या कंपनीचे नाव १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा असे झाले. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत या कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे कांदिवली येथील कारखाना कंपनीचे मोठे केंद्र बनला. सीजे-३बी, एमएम५४०, मेजर अशा वेगवेगळ्या रूपांत ही गाडी अनेक दशके तयार होत राहिली. २०१० मध्ये आलेली थार ही याच परंपरेतील गाडी आहे. १९८५ मध्ये मारुतीने पेट्रोलवर चालणारी, वजनाने हलकी अशी जिप्सी बाजारात आणली. लष्कर व पोलीस दलात ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

मूळ रचना दीर्घकाळ फारशी न बदलल्यामुळे या गाड्यांचे अनेक भाग एका नमुन्यातून दुसऱ्या नमुन्यात बसवता येतात. चासी वेगळी असून तिच्यावर पत्र्याचे शरीर बोल्टने बसवलेले असते. पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) रचना साधी असते आणि बहुतेक कामे गावातील फिटर, वेल्डर व लेथवाला करू शकतात. स्वबांधणीसाठी जुनी जीप व जिप्सी यांना पसंती मिळण्याचे हे प्रमुख कारण आहे.

चेंबूर परिसरातील स्थिती

मुंबईच्या पूर्व उपनगरांतील चेंबूर हे सुट्या भागांच्या दृष्टीने सोयीचे ठिकाण आहे. जवळच्या कुर्ला–कलिना भागातील सी.एस.टी. मार्गावर जुन्या गाड्यांचे भाग विकणारी दुकाने आणि गॅरेज मोठ्या संख्येने आहेत. वाहननोंदणीसाठी हा परिसर वडाळा येथील मुंबई (पूर्व) प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या कक्षेत येतो आणि येथील वाहनांना ‘एमएच-०३’ ही मालिका मिळते.

खडतर वाटांच्या बाबतीत मात्र परिस्थिती उलट आहे. तुर्भे (ट्रॉम्बे) टेकडीचा परिसर अणुसंशोधन केंद्रामुळे प्रतिबंधित आहे. ठाणे खाडीचा काठ खारफुटीने व्यापलेला असून खाडीचा काही भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य आहे. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. त्यामुळे येथील हौशी चालकाला कर्जत, मुरबाड किंवा इगतपुरी परिसरापर्यंत सुमारे ५० ते १२० कि.मी. अंतर जावे लागते. हे अंतर शीव–पनवेल मार्ग किंवा पूर्व द्रुतगती मार्ग अशा वाहत्या रस्त्यांवरून कापायचे असते. म्हणजेच चेंबूरमध्ये तयार होणारी गाडी आधी रस्त्यावर चालण्यायोग्य व कायदेशीर असावी लागते आणि वाटेवरची क्षमता त्यानंतर येते. खर्चाचा हिशोबही याच क्रमाने मांडावा लागतो.

आधारवाहनाची निवड

पुनर्बांधणीत ज्या जुन्या गाडीवर काम उभे राहते तिला आधारवाहन म्हणतात. निवड करताना पुढील गोष्टी तपासल्या जातात.

• कागदपत्रे: नोंदणी प्रमाणपत्रावरील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवरील कोरलेल्या क्रमांकांशी जुळले पाहिजेत. कर, विमा, कर्जाचा बोजा आणि प्रलंबित दंड यांचीही खात्री करून घ्यावी लागते. लष्कराने लिलावात काढलेल्या गाड्यांच्या बाबतीत नागरी नोंदणीसाठी लागणारी कागदपत्रे पूर्ण आहेत का, हे विशेष पाहिले जाते.
• चासी: खाडीलगतच्या दमट व खारट हवेमुळे मुंबईतील गाड्यांना गंज लवकर लागतो. पाट्यांचे टेकू, शॅकल आणि आडव्या पट्ट्यांचे सांधे येथे गंज प्रथम दिसतो. ताज्या रंगाखाली किंवा काळ्या डांबरी लेपाखाली तो झाकला जाऊ शकतो, म्हणून हातोडीने हलके ठोकून आवाज पाहण्याची पद्धत आहे. घट्ट लोखंड खणखणते, तर कुजलेला पत्रा बद्द वाजतो.
• चारही चाकांची ओढ: जीपच्या काही आवृत्त्या केवळ मागच्या चाकांच्या ओढीवर चालतात. अशा गाडीला पुढचा चालक आस व ट्रान्सफर केस नंतर बसवणे खर्चिक आणि कायदेशीरदृष्ट्या अडचणीचे ठरते.

स्वस्तात मिळालेली, पण कागद अपुरे असलेली गाडी अनेकदा सर्वांत महाग पडते. इंजिन, पाटे किंवा पत्रा पैसे देऊन बदलता येतो. चासी क्रमांकाची ओळख मात्र विकत घेता येत नाही.

बांधणीचे प्रमुख घटक

शक्तिप्रेषण

खडतर वाटेवर वेगापेक्षा मंद गतीतील ओढ महत्त्वाची असते. ट्रान्सफर केसमधील ‘लो’ गिअर त्यासाठीच असतो. मूळ विलीज सीजे-३बी या गाडीत पहिल्या गिअरचे गुणोत्तर सुमारे २.८०, ट्रान्सफर केसचे २.४६ आणि आसाचे ५.३८ होते. यांचा गुणाकार सुमारे ३७ येतो. म्हणजे इंजिनाचे ३७ फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होतो आणि ओढ जवळपास त्याच पटीत वाढते. कमी अश्वशक्तीचे हे जुने वाहन अवघड चढ चढू शकत असे, याचे रहस्य या गुणोत्तरात आहे. मोठे इंजिन बसवण्यापेक्षा मूळ गिअरव्यवस्था सुस्थितीत आणणे कमी खर्चाचे व अधिक उपयुक्त असते.

टायर

टायर बदलणे हा सर्वांत प्रचलित बदल आहे. मोठ्या व्यासाच्या टायरमुळे आसाखालील उंची वाढते, परंतु गिअरचा परिणाम घटतो. व्यास २८ इंचांवरून ३१ इंच केल्यास वरील ३७ हे गुणोत्तर प्रत्यक्षात सुमारे ३३.५ इतकेच उरते. शिवाय ब्रेक व स्टीअरिंगवरील ताण वाढतो आणि वेगमापक प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो. त्यामुळे कमी खर्चाच्या बांधणीत मूळ मापाच्या जवळचे, खोल नक्षीचे टायर योग्य मानले जातात. मऊ माती किंवा वाळूत हवेचा दाब कमी केल्यास टायरचा जमिनीशी संपर्क वाढतो. पक्क्या रस्त्यावर परतण्यापूर्वी दाब पूर्ववत करणे आवश्यक असते.

पाटे व उंची

जुने, बसके पाटे बदलून किंवा त्यांची पाने पुन्हा घडवून घेऊन मूळ उंची परत मिळवता येते. त्याहून अधिक उंची वाढवल्यास गुरुत्वमध्य वर जातो आणि आडव्या उतारावर गाडी उलटण्याचा धोका वाढतो. प्रॉपेलर शाफ्टचे कोन बदलून त्याचे सांधेही लवकर झिजतात. अडथळा पार करण्याची क्षमता केवळ उंचीवर अवलंबून नसते. पुढच्या व मागच्या बाजूला चाकापुढे आलेला भाग किती आखूड आहे आणि दोन आसांमधील अंतर किती कमी आहे, यांवरही ती ठरते. लांब बंपर काढून आखूड बंपर लावण्याची प्रथा यातूनच आली.

ब्रेक, पाणी व सुरक्षा

ब्रेकची दुरुस्ती इतर सर्व कामांच्या आधी करावी लागते. ओढा ओलांडल्यानंतर ड्रम ब्रेक काही काळ निकामी होऊ शकतात, म्हणून ते हलके दाबत कोरडे करून मगच वेग घेतला जातो. इंजिनात हवा घेणारे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर राहिले पाहिजे. पाणी सिलिंडरमध्ये शिरल्यास कनेक्टिंग रॉड वाकून इंजिन कायमचे बिघडू शकते. पुढे व मागे थेट चासीला जोडलेले ओढ-आकडे, पट्टे, अग्निशामक नळकांडे आणि प्रथमोपचार पेटी हा खर्च टाळण्याजोगा मानला जात नाही.

सह्याद्रीत ऋतूनुसार अडचणी बदलतात. उन्हाळ्यात सुट्या खडीवर चाके घसरतात. पावसाळ्यात काळी माती नक्षीत भरून टायर गुळगुळीत होतो आणि शेवाळलेला कातळ किंवा जांभा निसरडा होतो. एकट्या गाडीने न जाता किमान दोन गाड्यांनी जाण्याचा संकेत यामुळेच रूढ झाला आहे.

देवराष्ट्रे येथील मिनी जीप

नवबांधणीचे महाराष्ट्रातील सर्वाधिक गाजलेले उदाहरण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे (ता. कडेगाव) येथील आहे. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव असलेल्या या गावातील लोहारकाम करणारे दत्तात्रय लोहार यांनी जुन्या वाहनांचे भाग व भंगार वापरून एक छोटी जीप तयार केली. तिचा खर्च सुमारे ६०,००० रुपये झाल्याचे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले होते. दुचाकीप्रमाणे पायाने किक मारून सुरू होणारे इंजिन हे तिचे वैशिष्ट्य होते.

डिसेंबर २०२१ मध्ये या गाडीची चित्रफीत उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी समाजमाध्यमावर प्रसृत केली. ही गाडी नियमांत बसत नसल्याने प्रशासन ती केव्हा ना केव्हा थांबवील, असे नमूद करून त्यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि कमी साधनांत अधिक साधण्याचे उदाहरण म्हणून ती आपल्या कंपनीच्या संशोधन केंद्रात ठेवण्याची इच्छा व्यक्त केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो सुपूर्द करण्यात आली. कारागिराच्या कौशल्याचा गौरव आणि त्या कौशल्यातून निर्माण झालेल्या वाहनाला रस्त्यावर नसलेले स्थान, या दोन्ही बाजू या घटनेत एकाच वेळी दिसून आल्या.

विद्यार्थ्यांची वाहनबांधणी

नवबांधणीला मान्यताप्राप्त चौकट देणारा उपक्रम म्हणजे ‘बाहा’ ही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची स्पर्धा. अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा भारतात २००७ पासून भरते. मध्य प्रदेशातील पीथमपूर हे तिचे प्रमुख केंद्र आहे. विद्यार्थी पोलादी नळ्यांचा सांगाडा असलेले एका आसनाचे वाहन तयार करतात. संघांना ठरवून दिलेले सारख्याच क्षमतेचे इंजिन वापरावे लागते, त्यामुळे कस लागतो तो रचनेचा. खर्चाच्या ताळेबंदालाही गुण असतात. स्पर्धेचा शेवट दीर्घकाळ चालणाऱ्या सहनशक्ती फेरीने होतो. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांचे संघ तीत भाग घेत आले आहेत. ही वाहनेही बंदिस्त मार्गासाठीच असतात.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ३९ नुसार नोंदणीविना कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. नव्या नमुन्याच्या वाहनाला नोंदणीपूर्वी पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) यांसारख्या अधिकृत संस्थेकडून चाचणी व मान्यता घ्यावी लागते. ही प्रक्रिया उत्पादकांसाठी आखलेली असून एकच गाडी घडवणाऱ्या कारागिराच्या आवाक्याबाहेरची असते.

कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या व नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून मूळ मापाची दुरुस्ती, मूळ प्रकारच्या भागांची अदलाबदल व गंजलेल्या पत्र्याचे काम यांना अडचण नसते. परंतु वेगळ्या प्रकारचे इंजिन, चासीची लांबी किंवा शरीराचा प्रकार बदलणे धोक्याचे ठरते.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. हलक्या मोटार वाहनाच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ते दुप्पट करण्यात आले. जुन्या जीपचा ‘स्वस्तपणा’ मोजताना ही रक्कम धरावी लागते.

मार्ग व पर्यावरण

वाहन कायदेशीर असले तरी प्रत्येक वाट त्याच्यासाठी मोकळी नसते. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्यानांत प्रवेशासाठी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो आणि राखीव वनांत वनविभागाची परवानगी लागते. माथेरान २००३ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असून तेथे खाजगी मोटारींना बंदी आहे. ओल्या वाटेवर चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून पुढे पावसाचे पाणी वाहते आणि मातीची धूप वाढते. सड्यांवरील व पठारांवरील फुलोरा एका फेरीतही नष्ट होऊ शकतो. शेतातून जाणारी वाट ही बहुधा कोणाच्या तरी मालकीची असते, म्हणून ग्रामस्थांची संमती घेणे इष्ट असते. इगतपुरीजवळील प्रशिक्षण केंद्रासारख्या आखीव जागा यासाठी अधिक योग्य पर्याय आहेत.

हेही पहा

• महिंद्रा अँड महिंद्रा
• मारुती जिप्सी
• मोटार वाहन कायदा, १९८८
• देवराष्ट्रे
• चेंबूर