उभ्या गाडीचा खर्च

भीमेच्या उत्तर तीरावर, शिरूर तालुक्याच्या हद्दीवर वसलेल्या आणि पैलतीरी दौंडचा मुलूख असलेल्या वडगाव रासाईच्या पंचक्रोशीत, जिथल्या उसाने न्हावऱ्याच्या घोडगंगा कारखान्याची वाट वर्षानुवर्षे तुडविली, ट्रॅक्टरांच्या पाठोपाठ ज्या विद्येस प्रतिष्ठा लाभली ती वायरमनची विद्या होय; आणि तिची खरी कसोटी चालत्या वाहनापेक्षा उभ्या वाहनापाशीच लागते. संध्याकाळी धडधाकट उभी केलेली गाडी सकाळी सेल्फ मारताच नुसते ‘टक’ करून गप्प बसते, ही कैफियत इतकी परिचयाची झाली आहे की तिलाही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

शिसे आणि गंधकाम्ल यांवर चालणारी बॅटरी प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच सिद्ध केली होती; परंतु मोटार सुरू करण्याचे काम पुढेही दीर्घकाळ माणसाच्या मनगटाकडेच राहिले. चार्ल्स केटरिंग याने बनविलेला विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसला, तरी हँडल लगेच निवृत्त झाले नाही. याच तालुक्यातून जाणाऱ्या पुणे-अहमदनगर रस्त्यावर १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली बस धावली, त्या काळच्या पेट्रोल गाड्यांच्या तोंडाशी हँडल घालण्याची सोय असे, आणि ते मारताना अंगठा मुठीभोवती न वळविता चार बोटांच्याच बाजूस ठेवावा, नाहीतर इंजिनाने उलट झटका दिल्यास मनगट मोडते, हा धडा प्रत्येक नवशिक्या क्लिनरास प्रथम मिळे. बॅटरी उतरली तर चार जणांनी धक्का द्यावा किंवा हँडल मारावे. तेवढ्यासाठी कोणी तहकीकात करीत नसे. पुढे डिझेलचा अंमल बसला, त्याच्या प्रचंड दाबापुढे हाताचे बळ अपुरे पडू लागले, आणि मग बॅटरी ही सोय न राहता गरज झाली. माझ्या मते वायरमनच्या धंद्याचा खरा जन्म इथला आहे.

उभ्या गाडीची वीज निसटण्याची जुन्या गाड्यांतील चोरवाट बहुधा डायनामोच्या कट-आउटमध्ये सापडे. इंजिन बंद होताच बॅटरीतील विजेने उलट डायनामोत शिरू नये म्हणून ठेवलेली ही झडप. तिचे पॉइंट जळून चिकटले की रातोरात बॅटरी रिती होई. साठच्या दशकापासून अल्टरनेटर आला, कट-आउट गेला, आणि त्याची जबाबदारी डायोडांवर पडली. डायोड फुटला की तीच तक्रार नव्या नावाने परत. बॅटरीच्या माथ्यावर साचलेला ओलसर, आम्लमिश्रित मळदेखील दोन टर्मिनलांमध्ये हळूहळू वीज वाहू देतो, हे मात्र दोन्ही काळांत सारखेच.

तपासण्याची रीत पाहण्यासारखी आहे. किल्ली काढायची, दारे लावायची, मायनसची क्लिप सोडवायची आणि ती क्लिप व टर्मिनल यांच्यामध्ये पाच वॉटचा बारा व्होल्टी दिवा धरायचा. दिव्यातील तार लालसर झाली, तर गाडी ‘करंट खाते’. मग एकेक फ्यूज उपसायचा. ज्याने दिवा विझेल त्या वाटेवर चोर. सारे फ्यूज काढूनही तो जळत राहिला, तर फ्यूजमधून न जाणारी अल्टरनेटरची जाड वायर सोडवून पाहायची. या दिव्याची खुबी अशी की घड्याळ किंवा रेडिओची स्मृती ज्यावर जगते ते तीस-चाळीस मिलिअँपिअर त्याच्या खिजगणतीतही नसतात. केबिनमध्ये विसरलेला पाच वॉटचा दिवा मात्र तासाला सुमारे ०.४ अँपिअर-अवर खातो, म्हणजे दिवसाला दहा. ८० अँपिअर-अवरची बॅटरी आठ दिवसांत संपते, आणि सेल्फ त्याच्याही आधी हार मानतो.

ट्रॅक्टरांवर तर हा खर्च हौसेने वाढविलेला असतो. टेप, रंगीत दिवे, मोठे भोंगे यांच्या वायरी किल्लीला वळसा घालून थेट बॅटरीला जोडल्या जातात, आणि मग दोष बॅटरीचा ठरतो. पूर्वी कठीण रबराच्या पेटीवरील डांबर तापवून फोडीत, वाईट प्लेटा बदलीत, म्हणून कारागीर आत पाहण्यास बांधलेला असे. आजची पेटी सीलबंद आहे, आणि नवी विकणे शोधण्यापेक्षा सोपे पडते. हा शिरस्ता मला मुळीच पसंत नाही: वाट बुजविली नाही, तर नवी बॅटरीही त्याच वाटेने जाते.

अलीकडच्या मोटारींत मात्र दिव्याचा अधिकार कमी झाला आहे. त्यांतील संगणक किल्ली काढल्यावरही काही काळ, कधी अर्धा तास, जागे असतात. तेवढा वेळ न थांबता मोजणाऱ्यास निरोगी गाडीही आजारी दिसते, आणि क्लिप सोडवून परत जोडली की ते पुन्हा जागे होतात. म्हणून तिथे वायरीभोवती नुसता धरण्याचा, मिलिअँपिअर दाखविणारा क्लँप मीटर हवा. ट्रॅक्टराला दिवा पुरतो.