वारीची वाट आणि तिची निगा



ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून हलते. दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, नीरेचं स्नान, पुढे लोणंद, फलटण, वेळापूर असे मुक्काम करीत ती आषाढीला पंढरपुरी पोचते. वाट सुमारे २५० किलोमीटरची. एवढ्या जनसमुदायाला या वाटेनं पाणी, सावली अन् निवारा दिला तरी कसा?

तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये देहूहून पालखी सोहळा सुरू केला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या सोहळ्याला शिस्त लावली. दिंड्यांचा क्रम ठरला, मुक्काम ठरले. मुक्काम ठरला, म्हणजे कोणत्या दिवशी विहिरीवर गर्दी होणार, हे गावालाही आधी कळू लागलं. विहीर खोदणं, धर्मशाळा बांधणं, वाटेवर वड-आंबा लावणं, हे आपल्याकडे पुण्याचंच काम. अहिल्याबाई होळकरांचे घाट आणि धर्मशाळा हीच साक्ष देतात. जेवण पळसाच्या पत्रावळीवर. उष्टी पत्रावळ उकिरड्यात गेली, की तिचं खत व्हायचं.

पण जुनं ते सगळंच सोनं नव्हे, बरं का! एकोणिसाव्या शतकात यात्रेच्या गर्दीतून पटकी गावोगाव पसरे. पिण्याचं पाणी आणि घाण यांत अंतर राहिलं नाही, की भक्ती काही रोग अडवीत नाही.

आज वारकरी लाखोंनी आहेत. पत्रावळीची जागा प्लास्टिकनं घेतली. ते कुजत नाही, ओढ्यातून थेट भीमेत जातं. २०१५ पासून ‘निर्मल वारी’ उपक्रमातून मुक्कामी फिरती शौचालयं उभी राहू लागली, हे फार चांगलं झालं. पालखी मार्ग चौपदरी करण्याच्या कामाची पायाभरणी २०२१ मध्ये झाली. रस्ता रुंद झाला. पण रुंदीकरणात जुने वड गेले. डांबरावर उन्हात चालणाऱ्याला रुंदीपेक्षा सावली मोलाची.

गुरुजींनो, मुलांना घेऊन गावची जुनी विहीर पाहा. ती कुणी खोदली, आज तिचं पाणी कसं आहे, हे विचारा. वाटेकडेला एक वड लावा, अन् तीन उन्हाळे त्याला पाणी घाला. वारकरी मंडळी, आपलं ताट-तांब्या आपल्या पिशवीत असू द्या. पालखी सकाळी पुढच्या मुक्कामाला जाते. मागे गाव तिथंच राहतं. त्या गावाला विठ्ठलाच्या नावानं आपण काय ठेवून जातो, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.