शून्य खर्चाचे व्याख्यान

बदलीच्या निमित्ताने म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात काही काळ राहणे झाले. बारावीत भौतिकशास्त्राने माझी फजिती केली आणि मी अर्थशास्त्राकडे वळलो. पुढे वीज व दूरसंचाराच्या कितीतरी फाइलींवर, आतले विज्ञान नीट न कळता, सह्या केल्या. ती बोच मनात राहिली होती. पन्नाशी उलटल्यावर मद्रास आयआयटीचे प्रा. व्ही. बालकृष्णन यांची अभिजात भौतिकीवरील व्याख्याने रात्री संगणकावर ऐकू लागलो. वेग म्हणजे अवकलन, आणि आमचा सीमांत खर्च म्हणजेही अवकलनच, हे तिशीत कोणी सांगितले असते तर किती बरे झाले असते!

ही विद्या फुकट घरी कशी पोहोचली, याचा माग काढताना एक धागा म्हैसुरातच सापडला. १९३५ साली येथील महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी स्वतःच्या घरी नभोवाणी केंद्र सुरू केले व त्यास 'आकाशवाणी' हे नाव दिले. पुढे ते केंद्र म्हैसूर संस्थानाने चालविले आणि कालांतराने देशाच्या नभोवाणीनेही तेच नाव घेतले. आरंभ व्यक्तीने करावा आणि सातत्य शासनाने राखावे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

सातत्य नसले की काय होते, तेही आपण पाहिले आहे. १९७५-७६ मध्ये 'साइट' प्रयोगाने कर्नाटकासह सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोहोचविली. उपग्रह अमेरिकेचा होता. वर्ष संपले आणि तो परत गेला. १९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केले. परंतु तेथे घड्याळ प्रक्षेपकाच्या हाती होते. एखादे वाक्य निसटले की निसटलेच.

२००१ मध्ये अमेरिकेतील एमआयटीने आपले अभ्याससाहित्य सर्वांना खुले करण्याची घोषणा केली. २००३ मध्ये आपल्याकडे सात आयआयटी व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी केंद्र सरकारच्या निधीतून 'एनपीटीईएल' उभारले. यांतील बंगळूरची संस्था म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर उभी आहे, हेही लक्षात ठेवावे. आता व्याख्यान थांबविता येते, मागे नेता येते. घड्याळ विद्यार्थ्याच्या हाती आले.

अर्थशास्त्राच्या भाषेत, आणखी एका विद्यार्थ्यामागे येणारा खर्च जवळजवळ शून्य झाला. मात्र हा हिशेब देणाऱ्याचा. घेणाऱ्याचा निराळा असतो. आमच्या शेजारी जुन्या वळणाची मराठी बोलणारे एक शिंपी कुटुंब होते. त्यांचा मुलगा दिवसभर देवराज मार्केटजवळच्या दुकानात काम करी आणि रात्री तीच व्याख्याने ऐके. एकदा त्याने विचारले, "काका, ऊर्जा अक्षय्य असते म्हणतात, मग झोका थांबतो का?" घर्षणामुळे, एवढे मी सांगितले. "मग ती गेली कुठं?" या पुढच्या प्रश्नाला मी अडखळलो. त्याच्या जवळपास विचारण्याजोगे दुसरे कोणीच नव्हते.

आम्ही दोघांनी ते व्याख्यान पुन्हा लावले. उत्तर उष्णतेत होते; ते सापडायला दोन रविवार लागले. व्याख्यानांचा खर्च शासनाने केला, ते योग्यच झाले. परंतु प्रत्येक मोहल्ल्याच्या वाचनालयात आठवड्यातून एकदा शंका ऐकून घेणारा एक शिक्षक बसविण्याची तरतूद अजून माझ्या पाहण्यात नाही. ती रक्कम फार मोठी नसेल. अशा प्रस्तावावर मात्र मी विषय समजून सही करीन.