गीत, समता आणि शांतता : लोककवी वामनदादा कर्डक यांचा वारसा आणि मराठवाडा

प्रस्तावना

२२ एप्रिल १९७८ रोजी जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे 'वन लव्ह पीस कॉन्सर्ट' या नावाने एक संगीतसभा भरली. दोन प्रमुख राजकीय पक्षांच्या आश्रयाने पोसलेल्या सशस्त्र टोळ्यांमुळे त्या शहराच्या गरीब वस्त्या तेव्हा रक्ताळलेल्या होत्या. रेगे संगीताचा अध्वर्यू बॉब मार्ली (१९४५-१९८१) याने गाता गाता पंतप्रधान मायकेल मॅनली व विरोधी पक्षनेते एडवर्ड सिआगा यांना व्यासपीठावर बोलावले आणि दोघांचे हात एकमेकांत गुंफून उंच धरले. हे छायाचित्र जगभर गेले. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, २७ जुलै १९७८ रोजी, महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटल्या. येथे कोणी कोणाचे हात जुळवले नाहीत. मात्र या होरपळीतून गेलेल्या समाजापाशीही एक गाणे होते. ते गाणे कोठून आले, त्याने न्याय आणि शांतता या दोन मूल्यांचा संबंध कसा लावला आणि त्याचा प्रभाव कोणत्या मार्गाने टिकून राहिला, याचा शोध लोककवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्या कार्याच्या आधारे घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वामनदादांना 'महाराष्ट्राचे बॉब मार्ली' म्हणण्याचा मोह टाळलेलाच बरा. अशा उपाध्यांनी दोघांपैकी एकाचेही आकलन वाढत नाही. मार्लीचा आवाज ध्वनिमुद्रिकांच्या जागतिक बाजारपेठेतून पोहोचला. वामनदादांचे शब्द वह्यांतून, चाळीच्या पटांगणातून आणि दुसऱ्यांच्या गळ्यांतून पोहोचले. साम्य आहे ते प्रश्नात. ज्यांना इतिहासाने लेखणी दिली नाही, त्यांनी आपला इतिहास कसा जपावा, हा तो प्रश्न होय.

जलशाची पूर्वपीठिका

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने पुढे आपल्या विचारप्रसारासाठी तमाशाच्या लोकप्रिय घाटाचा उपयोग करून घेतला. त्यातून सत्यशोधकी जलसा जन्मास आला. तमाशाचा सांगाडा ठेवायचा, परंतु शृंगाराच्या जागी प्रबोधन आणावयाचे, ही ती युक्ती होती. आंबेडकरी चळवळीने हा वारसा उचलला. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्याच परिसरात भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी जलसे उभे केले. अस्पृश्यता, सावकारी, शिक्षण, मृत जनावरे ओढण्याची सक्ती हे विषय वगातून आणि पदांतून गावोगाव मांडले जाऊ लागले. भीमरावांनी उत्तरायुष्यात या जलशांचे स्वरूप व कार्य ग्रंथरूपाने नोंदवून ठेवले, हे अभ्यासकांचे भाग्यच म्हटले पाहिजे. अन्यथा या चळवळीतील किती तरी नावे फक्त स्मरणात राहिली आणि स्मरणाबरोबरच गेली.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर जलशाचा घाट हळूहळू मागे पडला व गायनपार्टी पुढे आली. पेटी, ढोलकी, कोरस आणि रात्रभर चालणारा सामना हे तिचे स्वरूप. या स्थित्यंतराच्या मध्यभागी वामनदादा उभे आहेत.

अक्षराकडून गीताकडे

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी येथे झाला. घरची भूमिहीन गरिबी. शाळेशी संबंध आला नाही. पोटासाठी मुंबईस आल्यावर गिरणीतील काम, कोळशाचे काम, चिक्की विकणे असे मिळेल ते त्यांनी केले. एका गृहस्थाने पत्र वाचून दाखविण्यास दिले असता आपणास वाचता येत नाही, या जाणिवेने ते रडले. पुढे देहलवी मास्तरांनी त्यांना बाराखडी शिकविली, आणि जोडाक्षरे त्यांनी रस्त्यावरील दुकानांच्या पाट्या वाचून पक्की केली. हा प्रसंग अनेकदा केवळ करुण आठवण म्हणून सांगितला जातो. त्याचे ऐतिहासिक मोल याहून अधिक आहे. प्रौढ वयात अक्षर मिळविलेल्या माणसाला अक्षराबाहेर राहिलेल्यांची गरज नेमकी ठाऊक असते. वामनदादांच्या रचनेतील शब्द एकदा ऐकून पाठ व्हावेत असे आहेत, ते यामुळेच.

१९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत रचले. ते एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरील विडंबन होते. चित्रपटगीतांच्या चाली उचलण्याच्या या प्रथेमुळे प्रस्थापित समीक्षेने भीमगीतांकडे दीर्घकाळ पाठ फिरविली. परंतु मौलिकतेच्या निकषावर ही गीते तोलणे म्हणजे त्यांचे कार्यच न समजणे होय. चाल आधीच श्रोत्यांच्या ओठांवर असे. कवीला फक्त आशय बदलावयाचा असे, आणि दुसऱ्या दिवशी गिरणीतील पाळीवर तो आशय शंभर माणसे गुणगुणत. जलशाने तमाशाशी जे केले, तेच वामनदादांनी चित्रपटगीताशी केले. जमैकातील रेगेची घडणही काहीशी अशीच आहे. अमेरिकन रेडिओवरील संगीत, बेटावरील मेंटो आणि रास्ताफारी पंथाचे ढोल यांच्या मिश्रणातूनच ते घडत गेले. जेथे साधने परक्यांची असतात, तेथे स्वत्व आशयातून सिद्ध करावे लागते.

वामनदादांची रचना हजारोंच्या संख्येत भरते. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' हे त्यांचे संग्रह आणि 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन प्रसिद्ध आहे. तथापि जे छापले गेले त्याहून कितीतरी अधिक गायकांच्या वह्यांत राहिले. कोणी मागितले की गीत लिहून द्यावयाचे, हा त्यांचा स्वभाव. अशा व्यवहारात कवीचे नाव हरवण्याचा धोका होता. तो टाळण्यासाठी शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा येते. एकीकडे संतकवींची नाममुद्रा आणि दुसरीकडे उर्दू शायरांचा तखल्लुस, अशा दोन परंपरा या एका शब्दात येऊन मिळतात. जवळच पैठणला एकनाथांची भारुडे घडली आणि औरंगाबादेत सिराज औरंगाबादी (१७१५-१७६३) यांची गझल घडली. कव्वालीच्या अंगाने जाणारे भीमगीत या शहरातील श्रोत्यांना परके वाटण्याचे कारण नव्हते.

नागसेनवन

पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले, आणि त्याच्या परिसरास नागसेनवन हे नाव मिळाले. राजा मिलिंद प्रश्न करतो आणि भिक्खू नागसेन उत्तर देतो, ही त्या नावांमागील कथा. आंबेडकरांनी विद्येची कल्पना संवादाच्या रूपात मांडली होती, हे यावरून स्पष्ट होते. कव्वालीच्या सामन्यातील सवाल-जवाबही त्याच जातीचे आहेत, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये. पटांगणातल्या अशिक्षित श्रोत्यासाठी तो एक वर्गच होता.

निजामी राजवटीच्या अंमलाखाली राहिलेल्या, शिक्षणात मागासलेल्या मराठवाड्यातून नागसेनवनाच्या वसतिगृहांत आलेली मुले बहुतांशी घरातील पहिलीच शिकणारी होती. त्यांच्यातून आणि त्यांच्या भोवताली पुढे दलित साहित्याची चळवळ आकारास आली. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' याच शहरातून निघू लागले. दलित साहित्याच्या इतिहासात नियतकालिके, कविता, आत्मकथने यांची नोंद सविस्तर होते. गीताची नोंद मात्र एखाद्या परिच्छेदात आटोपली जाते. हा असमतोल खटकणारा आहे. वसतिगृहातील मुलगा कविता वाचत होता तेव्हा गावाकडे त्याची आई जे ऐकत होती, ते भीमगीत होते. आई आणि मुलगा यांच्यातील वैचारिक पूल त्या गीतानेच बांधला. वर्धा येथे १९९३ मध्ये झालेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वामनदादांना मिळाले. ही मान्यता उशिरा मिळाली आणि तीही चळवळीच्या आतूनच मिळाली.

नामांतर आणि शांततेचा अर्थ

जुलै १९७८ च्या ठरावानंतर तत्कालीन पाच जिल्ह्यांच्या मराठवाड्यात घरे जाळली गेली, विहिरी नासविल्या गेल्या, कुटुंबे गाव सोडून परागंदा झाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. शासनाने अंमलबजावणी स्थगित केली. १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. ठराव आणि त्याची पूर्तता यांत साडेपंधरा वर्षे गेली.

या साडेपंधरा वर्षांत 'शांतता' हा शब्द सर्वाधिक वेळा स्थगितीच्या समर्थनार्थ उच्चारला गेला, हे लक्षात घेतले पाहिजे. शांतता राहावी म्हणून नाव नको, गावात सलोखा राहावा म्हणून तक्रार नको, असा तो युक्तिवाद होता. आंबेडकरी गीताने शांततेचा हा अर्थ स्वीकारला नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत आंबेडकरांनी राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांतील विसंगतीचा धोका दाखवून दिला होता. विषमता टिकली तर लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल, हा त्याचा आशय. योगायोग असा की मार्लीच्या 'वॉर' या गीताचा आधारही एक भाषणच आहे. इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांनी १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांसमोर केलेल्या त्या भाषणात वंशश्रेष्ठत्वाची कल्पना नष्ट होईपर्यंत जगात शांतता नांदणार नाही, असे प्रतिपादन होते. दोन्ही ठिकाणी विद्वत्सभेतील विचार गाण्याने रस्त्यावर आणला. दोन्ही ठिकाणी न्याय आधी आणि शांतता नंतर, हा क्रम पक्का आहे.

किंग्स्टनमधील त्या हस्तांदोलनाचे पुढे काय झाले, हेही नोंदविले पाहिजे. ती सभा घडवून आणणाऱ्यांपैकी क्लॉडी मॅसॉप पुढच्याच वर्षी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला आणि १९८० च्या निवडणूककाळात जमैकात शेकडो माणसे मारली गेली. गाणे हिंसा थांबवते, हा दावा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. मराठवाड्यातही तो टिकणार नाही. गाण्याने केले ते वेगळेच. जळालेल्या वस्तीतील माणसांना आपण एकटे नाही, याची जाणीव त्याने दिली आणि मारल्या गेलेल्यांची नावे विसरू दिली नाहीत. एवढ्या चिथावणीनंतरही मोर्चा, सत्याग्रह, तुरुंग हाच चळवळीचा मुख्य मार्ग राहिला. त्याचे श्रेय एकट्या गीताला देता येणार नाही. परंतु १९५६ नंतर घरोघर गायिल्या गेलेल्या बुद्धगीतांनी मैत्री आणि करुणा हे शब्द निरक्षर घरांतही रुळविले होते, ही बाब त्यातून वगळताही येणार नाही.

टीका आणि उतरण

वामनदादांना केवळ स्तुतिगीतांचे कवी समजणे हा अन्याय होईल. राष्ट्रीय संपत्तीत श्रमिकाचा वाटा कोठे आहे, असा थेट सवाल ते उद्योगपतींची नावे घेऊन विचारतात. बाबासाहेबांच्या पश्चात गटातटांत विखुरलेल्या अनुयायांनाही ते सोडत नाहीत. ज्या श्रोत्यांनी बिदागी द्यावयाची, त्यांच्याच तोंडावर त्यांचे दोष गाऊन दाखविणे सोपे नव्हते. या आत्मटीकेमुळेच त्यांचे गीत प्रचारापासून वेगळे राहते. शाहीर विलास घोगरे यांच्या बाबतीत हीच वेदना टोकाला गेली. मुंबईतील रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर चारच दिवसांनी घोगरे यांनी आपले जीवन संपविले. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटामुळे हा इतिहास जगासमोर आला.

ध्वनिफितींच्या काळात भीमगीतांची बाजारपेठ वाढली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या समर्थ गायकांमुळे ती घराघरांत गेली. त्याचबरोबर सवाल कमी आणि जयजयकार अधिक, अशी उतरणही लागली. मिरवणुकीतील ध्वनियंत्रणांच्या भिंतीपुढे शब्द ऐकूच येत नसतील, तर जलशाचा मूळ हेतू कोठे राहिला, हा प्रश्न चळवळीतील जुने गायकच विचारतात आणि तो रास्त आहे. मार्लीचेही असेच झाले. अंगरख्यांवर छापला गेलेला मार्ली आणि १८ एप्रिल १९८० रोजी स्वतंत्र झालेल्या झिम्बाब्वेच्या सोहळ्यात अश्रुधुराच्या लोटात गाणारा मार्ली, यांत अंतर आहेच.

तरीही प्रवाह आटलेला नाही. वामनदादांचे १५ मे २००४ रोजी निधन झाले. औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर झाले. याच शहरातील कडूबाई खरात या हातात एकतारी घेऊन गातात आणि गेल्या दशकात समाजमाध्यमांतून त्यांचा आवाज महाराष्ट्रभर पोहोचला आहे. गायनपार्टीच्या व्यासपीठावर पूर्वी पुरुषांचेच वर्चस्व असे. आता बाईच्या गळ्यातून, कोणत्याही वाद्यवृंदावाचून, हे गीत पुन्हा एका माणसाच्या आवाजावर आले आहे. दरवर्षी १४ जानेवारीस विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून माणसे येतात. पुस्तकांची दुकाने लागतात, भाषणे होतात आणि अनेक लहानमोठ्या व्यासपीठांवरून रात्री उशिरापर्यंत गाणी चालतात. त्या गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात अधूनमधून 'वामन' हे नाव ऐकू येते.