पूर्णाकाठची चोपण जमीन आणि तुल्यभारांचे गणित

तापीची उपनदी जी पूर्णा, तिच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाण पट्टा पसरला आहे. मूर्तिजापूर तालुक्यातील अनेक गावे त्यात मोडतात. तेथे विहिरीचे पाणी खारे. काळी जमीन सोडियममुळे चोपण झालेली. पावसाचे पाणी तीत जिरत नाही, आणि वाळली म्हणजे ती दगडासारखी होते. अशा जमिनीस जिप्सम किती घालावे, हा शेतकऱ्याच्या खर्चाचा प्रश्न होय. परंतु त्याच्या उत्तरामागे दोन शतकांचा इतिहास उभा आहे.

अम्ले व अल्कली ठराविक प्रमाणातच परस्परांना उदासीन करतात, हा विचार जर्मन रसायनज्ञ रिख्टर याने 1792 पासून ग्रंथरूपाने मांडला. 1850 मध्ये इंग्लंडात जॉन टॉमस वे याने तो मातीस लावला. मातीने अमोनिया धरून ठेवला व त्याच्या तुल्य प्रमाणात चुना सोडून दिला, असे त्यास आढळले. पुढे कॅलिफोर्नियात हिल्गार्ड याने सोडायुक्त जमिनीसाठी जिप्समचा पुरस्कार केला, आणि रशियात गेद्रॉइझ याने मातीच्या कणांस चिकटलेला सोडियम हेच दोषाचे मूळ असल्याचे दाखविले.

आता हिशेब पाहू. कॅल्शियमचा एक मोल सोडियमचे दोन मोल हुसकावतो. एक हेक्टर क्षेत्रातील 15 सेंटिमीटर खोलीच्या मातीचे वजन 22.5 लाख किलो धरू. दर किलोमागे सोडियमचा शतांश मोल काढावयाचा असल्यास एकूण 22,500 मोल सोडियम निघाला पाहिजे. त्यास जिप्समचे 11,250 मोल, म्हणजे सुमारे 1,935 किलो लागतील. जिप्सम 70 टक्केच शुद्ध असेल, तर हा आकडा 2,764 किलोंवर जातो.

परंतु समीकरणाची उजवी बाजूही वाचावयास हवी. या क्रियेत सोडियम सल्फेटचेही 11,250 मोल, म्हणजे सुमारे 1,600 किलो, निर्माण होतात. निचऱ्याचे चर नसतील, तर हा क्षार मुळांपाशीच राहील आणि जिप्समवरील खर्च बव्हंशी वाया जाईल. म्हणूनच उत्पन्न होणाऱ्या पदार्थाचे मोल मोजणे हे पूर्णाकाठी केवळ वर्गातील उदाहरण नव्हे. जिप्समची गाडी शेतात रिती करण्यापूर्वी चर खणले पाहिजेत, हे त्यातूनच ठरते.