बायंगिणीचे पाणी आणि ओपाचा नळ

परवा कचेरीत बैठक होती. टेबलावर प्रत्येकापुढे पाण्याची छोटी बाटली. बैठक आटोपल्यावर शिपाई बाटल्या गोळा करू लागला, बहुतेक सगळ्या अर्ध्याच प्यायलेल्या. उरलेले पाणी त्याने खिडकीतल्या कुंड्यांत ओतले आणि हसून म्हणाला, "सर, झाडांकय आतां मिनरल वॉटर!" मी नोकरीला लागलो तेव्हा त्याच कोपऱ्यात तिवईवर मातीचा माठ आणि साखळीने बांधलेला पेला असे.

पाणी विकत घेऊन पिणे हे अलीकडचे खूळ, असे आपण सहज म्हणून जातो. गोव्याचा इतिहास तसे म्हणू देत नाही. फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच प्रवासी १६०८ ते १६१० या काळात जुन्या गोव्यात होता. शहराजवळच्या बायंगिणीच्या झरीचे पाणी तिथे विकले जात असे, हे त्याने लिहून ठेवले आहे. गुलाम ते मडक्यांत भरून रस्तोरस्ती विकत फिरत. विहिरी शहरात होत्याच की! पण जांभ्याची जमीन सच्छिद्र, वस्ती दाट, त्यामुळे घाण झिरपून विहिरी नासत. ज्याची ऐपत होती तो बायंगिणीचे पाणी प्यायचा, बाकीच्यांना दारची विहीर. साथींवर साथी आल्या, शहर ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. शहरातल्या विहिरी सुधारण्याची निकड ऐपतवाल्यांना किती वाटली असेल, हा प्रश्न माझ्या मनात नेहमी येतो. त्यांच्या दारात तर मडके येत होते.

पणजीलाही झरींचाच आधार. फोंतेन्यस या वाड्याचे नावच मुळी झऱ्यावरून पडलेले. बोका द वाकची झर जुन्या पणजीकरांना ठाऊक आहे. गावांकडे मात्र कोणी कुठल्या विहिरीवर घागर लावायची हे जात ठरवी, आणि ती घागर वाहायची बायकांनी. याबद्दल आपण कमी बोलतो.

म्हणून खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पाचे मोल मला फार वाटते. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या दशकात तो उभा राहिला. मुक्तीनंतर अस्नोडा, साळावली असे प्रकल्प वाढत गेले आणि २०२२ मध्ये घरोघरी नळ असलेले पहिले राज्य म्हणून गोवा प्रमाणित झाले. नळाची तोटी कुणाची जात विचारत नाही.

बाटली आली ती वेगळ्या वाटेने. बिस्लेरी १९६५ च्या सुमारास मुंबईत काचेच्या बाटलीतून विकली जाऊ लागली, तेव्हा ती बड्या हॉटेलांची वस्तू होती. प्लास्टिक आले आणि ती कदंबच्या बसस्टँडवर पोचली. बाटलीतले पाणी म्हणजे डोंगरातला झरा, ही आपली भाबडी समजूत. साध्या 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर'चा उगम पुष्कळदा एखाद्या बोअरवेलमध्ये असतो. २००१ पासून त्यावर आयएसआय शिक्का सक्तीचा होता, तरी २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटला नामांकित बाटल्यांत कीटकनाशकांचे अंश सापडलेच. ती शिक्क्याची सक्तीही २०२४ मध्ये उठली. नळाच्या पाण्याचे मानक तर वर्षानुवर्षे ऐच्छिकच राहिले, हेही सांगितले पाहिजे.

नळाला क्लोरीनचा वास येतो म्हणून आमची मुले नाक मुरडतात. पण तोच उरलेला क्लोरीन घरापर्यंतच्या वाटेवर पाण्याची राखण करतो. उघडलेल्या बाटलीत बहुधा असा राखणदार नसतो. नळाचा खरा घात होतो तो पाणी थांबून थांबून सोडल्याने: दाब गेला की फुटक्या जोडातून बाहेरची घाण आत ओढली जाते. वर गच्चीवरची टाकी कोणी वर्षभर उघडून पाहत नाही, तो दोष मात्र आपला.

ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारला ओपाची मोठी जलवाहिनी फुटली. पणजी आणि फोंडा कित्येक दिवस कोरडे. आमच्या इमारतीत दुसऱ्याच दिवशी वीस लिटरचे जार चढू लागले, मीही दोन घेतले. चौकशीला पाणी खात्यात कोण जाणार असे विचारले तेव्हा ज्यांच्या घरी जार आले होते त्यांच्यापैकी एकही उठला नाही. गेल्या त्या तळमजल्यावरच्या दोन बायका, ज्यांना जार परवडत नव्हता. मी "कामावर उशीर होईल" म्हणून सटकलो.

पाणी आले त्या संध्याकाळी तोटी आधी फुरफुरली, मग तांबडे पाणी पडले. आईने पहिले दोन तांबे अळवाच्या मुळाशी ओतले, धार निवळेपर्यंत उभी राहिली आणि मग कळशी लावली.